प्रतिमाबाईंचा टांगा आणि एक छोटीशी चेष्टा

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत २०१०च्या सुमाराला आरवाड्यांचं क्वार्टर कुठलं असं विचारलं असतं, तर कुणीही सांगितलं असतं, "वही न, जहाँ शाम को कैसियो और कुकर साथ-साथ बजते हैं?" हे काही कौतुकाने म्हटलेलं नसे, पण खोटंही नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला गॅसवर डाळ चढवायची आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत वाजवत बसायचं, हा कल्पना आरवाडेचा नेम. कुकरने चौथी शिट्टी दिली की घरच्यांनी समजावं, आज हात चांगला लागलाय आणि डाळीचं काही खरं नाही.

कल्पना मूळची मिरजेची. १९८४ साली लग्न होऊन लखनौला आली. नवरा रमाकांत रेल्वेच्या संशोधन संस्थेत, काम रुळांची थरथर मोजण्याचं. माणूस इतका शांत की काही हलल्याशिवाय बोलायचा नाही. कल्पनाला पुढे मलिहाबादच्या वाटेवर आंब्याच्या एका संशोधन केंद्रात, ग्रंथालयात नोकरी लागली, ती पंचवीस वर्षं टिकली. रोज केंद्राची बस, जाताना तास, येताना तास. मे महिन्यात ग्रंथालयात शास्त्रज्ञांची फार गर्दी. ज्ञानासाठी नव्हे हो, कूलर तिथे होता. पुस्तकाचं नाव जसं छापलं असेल तसंच कार्डावर उतरवायचं, आपलं शहाणपण चालवायचं नाही, हा तिथला पहिला धडा, आणि तो तिने हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाकडून घोकून घेतला. हजारो शीर्षकं तिच्या हाताखालून गेली. चूक झाली ती एकाच शीर्षकात, आणि नेमकी नको तिथे झाली. ती सांगायची म्हणून हा सगळा प्रपंच.

कॅसिओ घरात आला २००९ साली. शेजारच्या साहेबांची बदली झाली. त्यांच्या मुलीने कधी हात न लावलेला कीबोर्ड ट्रकमध्ये चढवायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून "भाभीजी, अंतरा के काम आएगा" असं म्हणून ते तो ठेवून गेले. अंतरा म्हणजे कल्पनाची लेक, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिने डेमोचं बटण दाबलं, दोन मिनिटं मान डोलवली आणि संपलं तिचं संगीत. मग महिनाभर त्या कॅसिओवर इस्त्रीचे कपडे. एका रविवारी धूळ पुसताना कल्पनाचा डावा हात पट्ट्यांवर पडला आणि बोटं आपली आपण चालायला लागली. टप-टप, टप-टप. तिची तीच दचकली. चौतीस वर्षांत तिने कुठल्या वाद्याला बोट लावलं नव्हतं. लावायचं नाही असा कानाला खडाच लावला होता.

त्याला कारण प्रतिमाबाई.

प्रतिमा भिंगारदिवे कल्पनाच्या मिरजेतल्या शाळेत संगीत शिकवत. उंच, सडसडीत, एकट्या राहणाऱ्या, कायम फिक्या रंगाचं पातळ. शाळेच्या हॉलमध्ये कुण्या मडमेने विलायतेला जाताना मागे ठेवलेला एक जुना पियानो होता. त्यावर बाई शाळा सुटल्यावर सहा मुलींना शिकवत. फी नाही, काही नाही. फक्त एक शब्द सोसायचा. "पुन्हा." चुकलं की पुन्हा. बरोबर आलं तरी पुन्हा. बाई तो साधाच म्हणायच्या, जरा नाकातून. मुली मात्र मधल्या सुट्टीत नाक वर करून तो असा काही ताणायच्या, "पुऽन्हाऽ!", की हसून हसून डबे सांडायचे. या नकलेत पहिला नंबर कल्पनाचा.

बाईंनी मुलींसाठी स्वतः एक तुकडा बसवला होता. त्याचं नाव टांगा. मिरज स्टेशनवरून निघून शाळेपाशी यायचं, एवढाच प्रवास. डावा हात म्हणजे घोडा, खालच्या जाड सुरांत टप-टप, टप-टप. उजवा हात म्हणजे आत बसलेली बाई, इकडेतिकडे बघत सावकाश निघालेली. मध्येच उतार लागतो आणि घोडा धावायला लागतो. ग्यानबाची मेख तिथेच. "घोडा धावतो, बाई धावत नाही," प्रतिमाबाई सांगायच्या. डावा हात दुप्पट चालीने, आणि उजवा आपला पहिल्याच सावकाशीने. कल्पनाचा उजवा हात उतार आला की घोड्यामागे पळत सुटायचा.

"तुझी बाई पळतेय, कल्पना. पुन्हा."

१९७५च्या स्नेहसंमेलनात टांगा वाजवायला बाईंनी तिलाच निवडलं. कल्पना म्हणाली, "बाई, मलाच तर जमत नाही." बाई म्हणाल्या, "जमत नाही म्हणून तू रोज येतेस. ज्यांना जमलं त्या यायच्या थांबल्या." यापेक्षा मोठी शाबासकी त्या बाईंच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

आणि कार्टीने काय करावं? भरल्या हॉलमध्ये उतारावर अडखळली. परत घेतलं, परत अडखळली. तिसऱ्यांदा मागच्या बाकांवर खसखस पिकली. सोळा वर्षांचं वय. रडू फुटायच्या आत तिने हॉलकडे तोंड फिरवलं, नाक वर केलं आणि बाईंच्या आवाजात ओरडली, "पुऽन्हाऽ!" हॉल नुसता कोसळला. हेडबाईसुद्धा हसल्या. पहिल्या रांगेतल्या प्रतिमाबाई तेवढ्या उठल्या, पदर सावरला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेल्या.

कल्पना त्यानंतर पियानोच्या वर्गाला गेली नाही. उद्या जाऊन माफी मागू, परवा मागू, असं करता करता मॅट्रिक झाली, कॉलेज झालं, लग्न झालं, लखनौ आलं. लाज लोणच्यासारखी असते, झाकून ठेवली की मुरत जाते. रमाकांतला तिने हे सांगितलं होतं, पण गंमत म्हणून. सांगताना ती हसायची, आणि हसू मध्येच तुटायचं.

तर तो रविवार. त्यानंतर रोज साडेसहा ते तीन शिट्ट्या. बसमध्ये खिडकीच्या गजावर बोटं चालायची. शेजारी बसणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मधुमतीला पहिले दोन महिने वाटत होतं, मॅडमना कसला तरी नसांचा आजार आहे.

अंतराने तिला इंटरनेटवर 'घर का पियानो' नावाचा एक गट शोधून दिला. जबलपूरच्या एका दातांच्या डॉक्टरने काढलेला. देशभरातली आपल्यासारखीच हौशी माणसं, कुणी पोस्टातून निवृत्त, कुणी प्राध्यापक, घरच्या घरी वाजवायचं आणि रेकॉर्डिंग तिथे चढवायचं. नियम दोनच. घरीच वाजवायचं आणि एका दमात वाजवायचं. कापाकापी, जोडाजोडी बंद. "दाँत में भराई चलती है, सुर में नहीं," असं डॉक्टरांनी वरच लिहून ठेवलं होतं. घरातले आवाज आले तर चालतील. त्यामुळे कुणाच्या रेकॉर्डिंगमध्ये पोपट, कुणाच्यात पाण्याची मोटर, आणि कल्पनाच्यात कुकर. दोन-चार रेकॉर्डिंग्ज झाल्यावर लोक विचारायला लागले, "आज क्या बना है, कल्पना जी?"

आणखी एक रीत तिथे आपोआप पडली होती. लखनौकडे नम्रतेचीही चढाओढ असते, आणि ती हवा त्या गटालाही लागली असावी. तुकड्याचं नाव लिहायचं आणि पुढे जोडायचं, 'एक छोटी-सी चेष्टा'. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, खटपट. मराठीत चेष्टा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्यांदा तो शब्द वाचून कल्पना खुदकन हसली होती. पण शंभर वेळा तेच वाचलं की कान बधिर होतात. सहा महिन्यांनी तिच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगखालीही तेच शेपूट लागायला लागलं आणि तिला ते दिसेनासंच झालं.

२०११च्या जानेवारीत, धुक्यामुळे केंद्राची बस आली नाही अशा एका दिवशी, तिला उतार जमला. घोडा धावला, बाई धावली नाही. तिचा विश्वास बसेना, म्हणून परत वाजवलं. परत जमलं. कुकर पाच शिट्ट्या देऊन थकला. तिने हात पुसले आणि मिरजेला फोन लावला. तिचा थोरला भाऊ राजाराम, वीज मंडळातून निवृत्त झालेला.

"दादा, प्रतिमाबाई आहेत का रे?"

"आहेत की. ऐंशीच्या झाल्या, पण रोज शाळेपर्यंत चालत जातात. का गं?"

"त्यांना काहीतरी ऐकवायचंय. तू न्यायचंस."

त्या रविवारी रेकॉर्डिंग झालं. कॅसिओच्या पट्ट्या एकसष्ट, खालचे सगळ्यात जाड सूर त्यात नव्हतेच, म्हणून घोडा एक सप्तक वर बांधावा लागला. तेवढं सोडलं तर टांगा शाळेपाशी सुखरूप पोहोचला. अंतरा कॉम्प्युटरवर बसली.

"मम्मी, टाइटल बोलो."

"लिही, प्रतिमाबाईंचा टांगा."

अंतराला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून आणि बोटांतून हिंदीच निघतं. तिने टाइप केलं, 'प्रतिमा बाई का ताँगा – एक छोटी-सी चेष्टा'. "ठीक है?" म्हणून तिने विचारलं. कल्पनाने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "हं, बरोबर." पंचवीस वर्षं शीर्षकं तपासणारी बाई!

दुसऱ्या दिवसापासून केंद्रात पुस्तकांची वार्षिक मोजणी होती आणि अंतराची परीक्षा. आठवडाभर कुणी त्या पानाकडे फिरकलं नाही. इकडे लोकांनी मात्र ऐकलं आणि खाली लिहिलं. आता उत्तरेकडे 'बाई' म्हणजे शाळेतल्या बाई नव्हेत. नावापुढे बाई आलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येते जुन्या काळची मैफलीत गाणारी, कोठ्यावरची. त्यात लखनौ, त्यात टांगा. अलीगंजचे गजेंद्रबाबू, गटातले जुने सभासद, त्यांनी सुरुवात केली: "अहा, प्रतिमा बाई! क्या याद दिला दी। हमारे बाबा बताते थे, चौक से उनका ताँगा निकलता था तो लोग दुकान छोड़कर खड़े हो जाते थे।" न झालेल्या गोष्टी इतक्या तपशिलाने आठवणारी माणसं लखनौत अजून शिल्लक आहेत. त्याखाली कुणीतरी विचारलं, "उनका मुजरा देखा है किसी ने?" आणि जबलपूरच्या डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी लिहिलं, "बहुत सुंदर चेष्टा।"

आणि तिकडे दादाने कामगिरी बजावली. दादाचा आयुष्यभर एकच विश्वास, कागदावर असेल ते खरं. प्रतिमाबाईंकडे कॉम्प्युटर नव्हता. मग या सद्गृहस्थाने काय केलं? इंटरनेट कॅफेत गेला, ते पान उघडून घेतलं आणि त्याचा प्रिंटआउट काढला. अहो, रेकॉर्डिंगचा प्रिंटआउट! कॅफेवाल्याने विचारलं, "काका, आवाज ऐकताय का?" दादा म्हणाला, "मला नको, ज्यांना ऐकायचंय त्यांच्याकडे मशीन नाही." आणि दोन पानं घडी घालून बाईंच्या हातात नेऊन दिली, "आमच्या कल्पनाने तुमच्यासाठी पाठवलंय" म्हणून.

दहा दिवसांनी मानक नगरला एक पाकीट आलं. आत तीच दोन पानं, शाळेतल्या वहीसारखी लाल पेन्सिलने तपासलेली. 'बाई'खाली रेघ. 'मुजरा'खाली दोन रेघा. 'चेष्टा'भोवती गोल. आणि खाली, तिच्या ओळखीच्या त्या ताठ अक्षरात, एकच शब्द: 'दुसऱ्यांदा?'

कल्पनाला आधी काही कळेचना. मग त्या लाल गोलातला शब्द तिने कित्येक महिन्यांनी परत मराठीतून वाचला. प्रतिमाबाईंचा टांगा, एक छोटीशी चेष्टा. करायला गेली काय आणि झालं काय! छत्तीस वर्षांनी माफी मागायला गेली, आणि बाईंना दिसलं ते असं की पोरगी अजून नाक वर करून उभी आहे आणि या वेळी सगळा देश हसतोय.

"दादा, देण्याआधी तू वाचलं नाहीस?" तिने फोनवर विचारलं.

"वाचलं की. मला वाटलं, तुम्हा लोकांची काहीतरी गंमत असेल."

"गंमत? मुजरा लिहिलंय त्यावर!"

"ते मला वाटलं, मुजरा म्हणजे मानाचा. महाराजांना करतात तसा."

तिने फोन ठेवला आणि राग निघाला अंतरावर. अंतराही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "चेष्टा मतलब कोशिश, मम्मी! इसमें गलत क्या है? सब लिखते हैं। और आपने पढ़ा था न? आपने ही बोला, बरोबर." हे मात्र खरं होतं, आणि खरं असलं की जास्त झोंबतं. कल्पना स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. रमाकांत दारात येऊन उभा राहिला. काहीतरी हललंय हे त्याला कळलं होतं.

"अहो, मी काय करू आता? पत्र लिहिते, की हिंदीत त्याचा अर्थ वेगळा होतो..."

"लिही," रमाकांत म्हणाला. "पण एक विचारू? तेव्हाची माफी तू कधी मागितलीस का?"

"नाही."

"मग त्यांनी दुसरं काय समजावं?"

बोलला आणि पेपर घेऊन बाहेर जाऊन बसला. कल्पना ओट्याला टेकून उभी राहिली. शब्दकोशातला अर्थ बाईंना कळवून काय होणार होतं? हिंदी शब्द चुकला हे खरं, पण तो इतका खोल लागला कारण खाली जुनी जखम होती, आणि ती तर हिचीच देणगी. नुसता खुलासा पाठवणं म्हणजे जखम सोडून पट्टीवर मलम लावणं.

आधी तिने गजेंद्रबाबूंना लिहिलं, की प्रतिमाबाई या मिरजेतल्या एका शाळेतल्या शिक्षिका, वय ऐंशी, त्या लखनौला कधी आलेल्या नाहीत. गजेंद्रबाबूंनी तासाभरात आपलं लिहिलेलं पुसलं आणि उत्तर पाठवलं, "क्षमा कीजिएगा। फिर वो कोई और प्रतिमा बाई रही होंगी।" स्वतःच्या आठवणीवर मात्र त्यांनी पाणी सोडलं नाही. मुजऱ्याबद्दल विचारणाऱ्याचं लिहिलेलं डॉक्टरांनीच काढून टाकलं.

मग पुढच्या रविवारी तिने डाळ चढवली नाही. अंतराला सांगितलं, चालू कर, आणि कॅसिओपुढे बसून मराठीत बोलायला लागली. "बाई, मी कल्पना. १९७५च्या संमेलनात मी तुमची नक्कल केली. उतार जमला नाही, लोक हसायला लागले, ते हसणं माझ्यावरून काढून मी तुमच्यावर घातलं. मी चुकले. तेव्हाच यायला हवं होतं, आले नाही, भ्याले. परवा जो शब्द तुम्ही वाचलात तो हिंदीतला होता, त्याचा अर्थ प्रयत्न. पण मी तो आधी मराठीतून वाचायला हवा होता. टांगा वाजवते."

आणि वाजवायला लागली. उतार आला, आणि तिची बाई पळाली. चांगली महिनाभर जमत होती हो, नेमकी तेव्हाच पळाली! कल्पना थांबली. खोलीत कुणी हसलं नाही. तिने उताराच्या आधीपासून घेतलं, परत अडखळली, तिसऱ्यांदा घेतलं आणि टांगा कसाबसा शाळेपाशी नेला.

"मम्मी, फिर से कर लो," अंतरा हळूच म्हणाली. "पहले वाला डिलीट कर देती हूँ।"

"नको. एका दमात म्हणजे एका दमात. जिथे अडखळले होते तिथेच अडखळले, तसंच जाऊ दे त्यांच्याकडे."

हे रेकॉर्डिंग गटावर गेलं नाही. अंतराने त्याची सीडी केली, रमाकांतने ती मोजमापाची यंत्रं पाठवतात तशी थर्माकोलमध्ये बांधली, आणि दादाला फोनवर तीनदा बजावलं, की या वेळी कागद न्यायचा नाही, प्लेअर न्यायचा. दादा घरचा सीडी प्लेअर रिक्षात घालून बाईंकडे गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ऐकलं त्यांनी. दोनदा लावायला सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. निघताना विचारलं, हिने घोडा वर का बांधलाय? मी म्हटलं, बाई, घोड्याचं मला काही माहीत नाही."

"अरे, माझ्या कॅसिओला खालच्या पट्ट्या नाहीत, सांग त्यांना!"

"सांगतो."

आणि मग काही नाही. एप्रिल गेला. मे महिन्यात शास्त्रज्ञ कूलरपाशी आले, जूनमध्ये मलिहाबादच्या रस्त्यावर दशहरी आंब्यांचे ट्रक लागले. कल्पनाने एक पेटी मिरजेला पाठवावी असं ठरवलं, आणि मग ठरवलं की नको, लाच दिल्यासारखं दिसेल. संध्याकाळी ती बसायची, पण टांगा सोडून बाकीचं वाजवायची, आणि तीन शिट्ट्या झाल्या की उठायची. कॉलनीत डाळ वेळेवर शिजायला लागली. दादाला ती दर रविवारी विचारायची, आणि दादा म्हणायचा, "भेटल्या होत्या. बऱ्या आहेत." ऐंशी वर्षांचं माणूस, किती वाट बघायची, कुणाच्या भरवशावर बघायची? हे ती मोठ्याने बोलायची नाही, पण डोक्यात दुसरं काही नसायचं.

सप्टेंबरात दादाने नवा मोबाइल घेतला आणि एका शनिवारी त्याचा ईमेल आला, आयुष्यातला पहिला. सोबत एक फाइल. अंतराने ती लावली.

आधी दादाचा आवाज, "हं बाई, चालू झालंय. लाल दिवा आलाय."

मग दुसरा आवाज, म्हातारा, जरासा नाकातला. "मग तू बोलतोस कशाला?"

आणि टप-टप, टप-टप. शाळेच्या हॉलमधला तोच पियानो, दोन-तीन सूर उतरलेले, पण घोडा खाली, जाड सुरांत, त्याच्या जागेवर. कल्पनाने स्टुलाची कड घट्ट धरली. ऐंशी वर्षांची बोटं, जरा थांबत, जरा चाचपत, स्टेशनवरून निघाली. उतार आला. घोडा धावला, आणि आत बसलेली बाईही त्याच्यामागे पळाली. प्रतिमाबाई अडखळल्या आणि थांबल्या. हॉलमध्ये मुली बसलेल्या असाव्यात, त्यांची कुजबुज ऐकू आली, मग तीही थांबली.

आणि मग आला तो शब्द. "पुऽन्हाऽ!"

हा बाईंचा स्वतःचा 'पुन्हा' नव्हता. हा ताणलेला, नाक वर केलेला, सोळा वर्षांच्या कल्पनाने त्याच हॉलमध्ये ओरडलेला होता. सूर न सूर तसाच. कल्पनाने केलेल्या त्यांच्या नकलेची नक्कल, छत्तीस वर्षं जपून ठेवलेली. हॉलमधल्या मुली फिस्सकन हसल्या, त्यांच्यामागून खोकल्यासारखं काहीतरी आलं, आणि ते बाईंचं हसणं आहे हे कळायला कल्पनाला क्षणभर लागलं. मग टांगा पहिल्यापासून निघाला.

ईमेलमध्ये खाली दादाने लिहिलं होतं, 'बाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो आहे. तुमच्या त्या गटावर घालायला हरकत नाही. शीर्षक: प्रतिमाबाईंचा टांगा, एक छोटीशी चेष्टा. शब्दाचा अर्थ मराठीतला घ्यावा.'

कल्पना हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्हीतलं काहीच तिला आवरायचं नव्हतं. रमाकांत पेपर खाली ठेवून आत आला आणि म्हणाला, "परत लाव." तिघांनी ते चार वेळा ऐकलं.

मग अंतराने ते गटावर चढवलं. कल्पनाने शीर्षक अक्षर न् अक्षर तपासलं, कार्डावर उतरवतात तसं.

"मम्मी, नीचे समझा दूँ? कि मराठी में चेष्टा का मतलब क्या है?"

"काही नको," कल्पना म्हणाली. "जसं आहे तसं राहू दे."

सकाळपर्यंत जबलपूरच्या डॉक्टरांचं नेहमीचं 'बहुत सुंदर चेष्टा' येऊन पडलं होतं. त्याखाली अलीगंजच्या गजेंद्रबाबूंनी लिहिलं होतं, "आवाज़ सुनते ही पहचान गए। हमने कहा था न, वही हैं।" या वेळी कल्पनाने त्यांना दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी साडेसहाला तिने डाळ चढवली आणि टांगा काढला. उतारावर बाई पळाली. आतल्या खोलीतून अंतरा पुस्तकातून मान वर न करता ओरडली, "पुऽन्हाऽ!" कल्पनाने पुन्हा घेतलं. कुकरच्या शिट्ट्या त्या दिवशी कुणी मोजल्या नाहीत आणि डाळ करपली.